कानसेन आणि टायमिंगचा दिवा

स्टँडवरचे टॅक्सीवाले त्या मिस्त्रीला कानसेन म्हणत. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी, ते टायमिंग तो कानाने लावायचा. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर हातभर नव्हे, केसभर इकडेतिकडे फिरवायचा, डोळे मिटायचा आणि "हं, बसलं!" म्हणून बोल्ट आवळायचा. बायकोने हौसेने आणलेला टायमिंग लाइट, दर ठिणगीला लुकलुकणारा बंदुकीच्या आकाराचा दिवा, त्याने फळीवर टाकला होता. म्हणे, "बंदूक घेऊन इंजिनाची शिकार करू काय?"

एके दिवशी त्याचा जुना दोस्त टॅक्सी घेऊन तणतणत आला.

"काय लावलंस रे टायमिंग? चढ लागला की डब्यात खडे घातल्यासारखं खडखडतंय!"

"कुठे खडखडतंय?"

"आत्ता तुझ्या दारातला चढ चढताना खडखडलं की! बहिरा झालास काय?"

कानसेन हसला खरा, पण त्याला खरंच काही ऐकू आलं नव्हतं. तुम्हाला कमी ऐकू येतं, असं बायको बरेच दिवस म्हणत होती, त्याने ते कानाआड केलं होतं. हा दोस्त दुसऱ्या गॅरेजात गेला की मागोमाग अख्खा स्टँड जाणार. आणि कानसेनला तर दुसरं कुठलंच काम येत नव्हतं.

"गाडी नीट झाल्याशिवाय हलायचं नाही," तो म्हणाला. "तूही नाही, मीही नाही."

त्याने लाइट काढून झटकला. दोन चिमटे बॅटरीला, एक पहिल्या प्लगच्या वायरीला. पुलीवरच्या खाचेत खडू भरला, इंजिन चालू करून दिवा रोखला. गरगर फिरणारी पुली लुकलुकत्या उजेडात जागच्या जागी उभी राहिली! पांढरी रेघ शेजारच्या पट्टीवरच्या दहा अंशांच्या कितीतरी पुढे. त्याने ती दहावर आणली आणि बोल्ट आवळला.

दोघे टेकडीच्या रस्त्याला गेले. गाडी निम्म्यातच धापा टाकू लागली.

"खडखड गेली, पण जीवही गेला की हिचा! उतरून ढकलू काय?"

परत आल्यावर बायको म्हणाली, "अहो, उद्या बघा. जेवून तरी घ्या."

"आजच. तू वाढून ठेव."

वाकून वाकून पाठीचा काटा ढिला झाला, तेव्हा कुठे डिस्ट्रिब्युटरला लागलेली रबराची बारीक नळी त्याच्या डोळ्यांत भरली. त्याने कपाळावर हात मारला. या नळीतून इंजिन हवा ओढतं आणि ठिणगी वेळेआधी पाडतं; चढावर ती ओढ सुटते आणि ठिणगी मागे पडते. म्हणून दिवा धरायच्या आधी ती काढून तिचं तोंड बंद करायचं असतं, नाहीतर रेघ खोटी दिसते. पण कानाने काम करणाऱ्याला ती काढावी लागतच नाही, तो सगळ्याचा मिळून आवाज ऐकतो. जन्मात त्याने तिला हात लावला नव्हता.

नळी उपसून त्याने तोंडात स्क्रू खुपसला. रेघ टुणकन पार पलीकडे गेली! ती पुन्हा दहावर आणून त्याने बोल्ट आवळला, नळी बसवली.

पुन्हा टेकडी. दोस्ताने पाय दाबला.

"खडखडतंय का?" कानसेनने विचारलं.

"मला काय विचारतोस? तूच सांग."

"मला ऐकू येत नाही रे. बरेच दिवस झाले. तू सांग."

दोस्ताने एकदा त्याच्याकडे बघितलं, मग काच वर करून पाय आणखी दाबला. वळण मागे पडलं, टेकडीचा माथा आला.

"नाही!" तो ओरडून म्हणाला. "लोण्यासारखी चढली! उद्या भावाची गाडी पाठवतो. तो तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, त्याला बोंबलायला सांगेन."