मिसळ बियाण्याचा अहवाल

“यात आपण अडकणार तर नाही ना?”

कुठल्याही कागदावर सही करण्याआधी साहेब हे विचारायचे. रजेच्या अर्जावरसुद्धा. तालुक्याच्या कृषी कार्यालयात मी लिपिक, ते बियाणे निरीक्षक. आम्ही त्यांच्या माघारी हसायचो. तुम्हीही हसला असता.

या भीतीचं कारण मला उशिरा कळलं. नोकरीच्या सुरुवातीला सोयाबीन बियाण्याचा एक माल त्यांनी नुसती कागदपत्रं पाहून विकू दिला होता. तो उगवलाच नाही. एके सकाळी दार उघडलं तर अंगणात गावची माणसं उभी. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. नुसती बघत राहिली. “ओरडले असते तर बरं झालं असतं,” साहेब म्हणाले होते.

एकदा धावडा गावच्या एका मावशींविरुद्ध तक्रार आली. बाई भेसळीची ज्वारी बियाणं म्हणून विकते, असं कुणा दुकानदाराचं म्हणणं. वरून फोन आला, गुन्हा दाखल करा.

आम्ही गेलो. मावशींनी सूप पुढं केलं. पांढरे, पिवळट, तांबूस दाणे एकत्र.

“साहेब, ही भेसळ न्हाई. मी मुद्दाम मिसळती. पाणी कमी पडलं तर एक तग धरती, रोग आला तर दुसरी. समदी एकदम न्हाई जात.”

दाण्यांना खत-औषध काहीच लावलेलं नव्हतं. पण पुड्यांवर पुतण्यानं छापून दिलेल्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. शेतकऱ्याला स्वतःचं बी विकता येतं, छापील नाव लावून नाही. साहेबांनी हे सांगितलं. मला पोलीस नेतील का, असं मावशींनी विचारलं. साहेबांनी सगळ्या चिठ्ठ्या आपल्यासमोर काढायला लावल्या आणि नमुना घेतला.

प्रयोगशाळेला पाठवून उरलेले शंभर दाणे त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून टेबलाखाली ठेवले. गावातल्या कितीतरी जणांनी हेच बी पेरलं होतं. साहेबांना जेवण जाईना. दर तासाला वाकून बघायचे, पण गुंडाळी उघडायला धजायचे नाहीत. चौथ्या दिवशी ती मीच उघडली. चार-पाच सोडून सगळ्यांना मोड आले होते. साहेबांचा चेहरा आणखीच उतरला. आता वरचा हुकूम मोडून खरं लिहिण्यावाचून सुटका नव्हती.

प्रयोगशाळेचाही तसाच निकाल आला. साहेबांनी अहवाल लिहिला: बी मिसळ आहे आणि मिसळच असायला हवं, उगवण चांगली, चिठ्ठ्या माझ्यासमोर काढून घेतल्या, गुन्ह्याची गरज नाही. ‘माझ्यासमोर’ तेवढं गाळा, पुरावा तुम्हीच काढायला लावला असं होईल, त्यात तुम्ही अडकाल, असं मी म्हणालो.

“अडकेनच,” ते म्हणाले. आणि त्यांनी सही केली.

चौकशी झाली. मावशी सुटल्या. साहेबांची बदली दूरच्या घनसावंगीला झाली.

पुढच्या वर्षी सुगी झाल्यावर मावशी कार्यालयात आल्या. साहेबांचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

“ते भिणारे साहेब हाईत का?”

मी बदलीचं सांगितलं. त्या बाकावर टेकल्या, पदरानं तोंड पुसलं.

“तिकडं त्यांच्या सोबतीला कुणी हाय का?” त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं.