मागची गाडी

फौजेतून परतलेले आमचे शेजारी ढोकीच्या साखर कारखान्यात फिटर होते आणि मी उसाच्या वजनकाट्यावरचा कारकून. मिलिटरीच्या लिलावातला एक म्हातारा ट्रक त्यांनी घरामागं बाभळीखाली आणून ठेवला होता. पगारातून उरेल तसा त्याचा एकेक भाग यायचा. बसायची सीट तर मोडीतल्या ट्रॅक्टरची होती. त्या दुष्काळात तोंड धुतलेलं पाणीसुद्धा ते फडक्यातून गाळून रेडिएटरसाठी ठेवायचे, आणि इंजिन अजून एकदाही धडधडलं नव्हतं!

दर रविवारी मात्र ते ट्रकखाली शिरायचे आणि मागच्या चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्याला चुना फासायचे. त्याच्यावर एक बारका दिवा बसवलेला. हे कशाला, असं मी एकदा विचारलं.

"फौजेत रातच्याला समदे दिवे बंद करून जायचो आमी, भाऊसाहेब. मागच्या गाडीला एवढंच पांढरं दिसायचं. ते बघत बघत यायची ती."

शेवटी एका संध्याकाळी ट्रक सुरू झाला. मला शेजारी बसवून त्यांनी तो तेरच्या रस्त्याला काढला, तोही बैलगाडीच्या चालीनं. नजर सारखी आरशात. ओढ्यापाशी त्यांनी ट्रक थांबवला, पुढचे दिवे घालवले आणि मागचा बारका तेवढा चालू ठेवला.

"बिघडलं का काही?"

"न्हाय. मागचा लई मागं राहिलाय. येऊ द्या त्याला."

मागं धुळीचा रिकामा रस्ता होता. तरी मला "चला" म्हणवेना.