सतरंजी

पालघरच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो. एक बाई दर मंगळवारी आमच्याकडे छापल्या जाणाऱ्या साप्ताहिकासाठी लेख आणून द्यायच्या. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. त्या ज्या पक्षात होत्या तोही जुन्या वळणाचाच. बैठकीला सर्वांआधी येऊन सतरंजी त्याच अंथरायच्या, आणि लेखात त्याच पक्षाला झोडपायच्या.

एकदा त्यांनी लिहिलं, 'आपले अध्यक्ष भाषणात गाईला माता म्हणतात आणि शिरगावच्या गुरचरणाला स्वतःचं कुंपण घालतात.'

पुढच्या बैठकीला मी अंक पोचवायला गेलो होतो; अध्यक्ष माझ्यादेखत बाईंवर गरजले, "लिहिणं बंद करा, नायतर चालत्या व्हा!"

"आधी तुमी उठा. सतरंजी माझ्या घरची हाय."

अध्यक्ष उठले. बाईंनी सतरंजी झटकली, तिथेच पुन्हा अंथरली आणि मधोमध बसल्या.

"हां, आता बोला. उभ्यानंच."