बॉनेटवरची तेलकट बोटं

"वहिनी, आता मडगार्डना गंजावरच रंग फासा. रविवारच्या ट्रॅक्टरांच्या मिरवणुकीत कोण खरवडून बघणार आहे?" धाकटा दीर ओस्वाल्दो म्हणाला.

एल्विरानं नवऱ्यामागे उरलेल्या ट्रॅक्टरचं बॉनेट तीन दिवस घासून कोऱ्या लोखंडापर्यंत आणलं होतं. आता फक्त अस्तराचा रंग द्यायचा होता. तेवढ्यात तोर्ता फ्रिता, म्हणजे तळलेली पुरी, खाता खाता ओस्वाल्दो बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. पाच तेलकट बोटं उमटली.

"झालं. तेलावर रंग धरतो का?"

"पुसतो की."

"पुसायचं आणि परत घासायचंही, भावजी."

"मग मडगार्ड घासायचे राहतील, रविवार हुकेल. सगळे म्हणतील, बाईला जमलं नाही."

"म्हणू देत. पुढच्या वर्षी नेईन, पण गंज झाकून नेणार नाही." तिनं पॉलिश पेपर पुढे केला. "आधी हात साबणानं धुवा."