मागच्या चाकाची वीट

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही. आक्कापाशी—माझ्या थोरल्या बहिणीपाशी—तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही दाजींना ओळखत नाही, म्हणून असेल.

दाजी म्हणजे आक्काचे यजमान. शिरोली एमआयडीसीत फिटर. बावीस वर्षं लोखंडात हात घातले, पण त्या हातांना कधी मोठी जखम म्हणून झाली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो शोभायचाही. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. ते मला मास्तर म्हणतात. थट्टेनं नव्हे—कौतुकानं.

पाच वर्षं झाली. रविवारची सकाळ होती. माझ्या जुन्या गाडीचे पुढचे ब्रेक किरकिरत होते. दाजी म्हणाले, गॅरेज कशाला, मी पॅड बदलून देतो. आमच्या दारापुढचा बोळ रस्त्याकडं जरासा उतरता आहे. माणसाला तो उतार कळत नाही—गाडीला कळतो. त्यात माझा हँडब्रेक सैल. म्हणून जॅकला हात लावायच्या आधीच दाजी म्हणाले, "मास्तर, मागच्या चाकाला वीट लाव."

विटा परसात, टाकीमागं होत्या. तिथं चिखल होता. मी निघालो, तेवढ्यात फोन आला. शाळेतल्या एका सरांचा—बदलीच्या गप्पा, काही तातडीचं नव्हतं. मी बोलत बोलत गाडीच्या मागं गेलो आणि तिथंच उभा राहिलो.

"लावलीस का रं?" दाजींनी पुढून विचारलं.

"लावली."

"नक्की न्हवं?"

"व्हय की, दाजी."

दोनदा विचारलं त्यांनी. फोन कानाला लावूनच मी दोनदा हो म्हणालो. काय लागलं असतं—दोन मिनिटं? चिखलात पाय?

दाजींनी गाडी उचलली, चाक काढलं. नुसत्या जॅकवर त्यांचा कधीच भरवसा नसायचा. जॅक सुटलाच तर गाडी चाकावर बसावी, म्हणून काढलेलं चाक ते गाडीखाली आडवं सरकवत होते. म्हणजे बघा—सावधपणाचंच काम चाललं होतं. आणि गाडी हलली. माझ्या डोळ्यांदेखत, वीतभर मागं. जॅक कलंडला. दाजींचा उजवा हात चाक आणि गाडी यांच्यामध्ये सापडला.

त्यांचा आवाज मी लिहिणार नाही.

शेजारच्यांनी धावत येऊन गाडी उचलली, दाजींना रिक्षात घातलं. मला म्हणाले, घराला कुलूप लावून मागनं या. बोळात मी एकटा उरलो.

इथवर मी आळशी होतो, खोटारडा होतो. यापुढं जे केलं, त्याला काय म्हणू? मी परसात गेलो. चिखल तुडवत गेलो—आता गेलो. वीट आणली आणि मागच्या चाकाला नीट टेकवून ठेवली. हात धुतले. मगच दवाखान्यात गेलो.

दोन बोटं गेली, तिसरं वाकत नाही.

नंतर गाडी बाजूला घ्यायला गेलेल्या शेजाऱ्यांनी ती वीट पाहिली होती. त्यांनीच दवाखान्यात सांगितलं, वीट तर जागेवर होती, जॅकच निसटला असणार. दाजी पांढऱ्या बँडेजकडं बघत म्हणाले, "मग मीच वाकडा लावला असणार." माझ्यावर शंका घेणं त्यांच्या मनातही आलं नाही. मी त्यांच्या उशाशी उभा होतो. गप्प राहिलो असतो तरी एक वेळ—पण आक्कानं मला बाहेर घेतलं आणि विचारलं, "तू हुतास न्हवं तिथं? काय झालं नेमकं?"

मी म्हणालो, "दाजींनी जरा घाई केली."

आक्का आत गेली आणि रडत रडत त्यांना बोलली. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी दारातून बघत होतो.

कंपनीनं त्यांना मशीनवरून काढून स्टोअरला बसवलं. आता ते डाव्या हातानं सही करतात. शर्टाची बटणं आक्का लावते. माझ्याशी ते पहिल्यासारखेच वागतात. त्याचं काय करायचं, मला कळत नाही.

गेल्या महिन्यात माझी मुलगी गौरी गाडी शिकली. दाजी तिला चाक बदलायला शिकवायला मुद्दाम आले. आधी सपाट जागा, मग जॅक, मग खाली स्टँड—एकेक गोष्ट तिच्याकडून तीन-तीनदा करून घेतली. मी कठड्यावर बसून होतो. मध्येच तिनं विचारलं, "मामा, मग तुमच्या हाताला कसं झालं?"

"माझ्या घाईनं, पोरी," ते म्हणाले. "तुझा बाबा हुता की तिथं. इचार त्याला."

गौरीनं माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवली—होकारार्थी.