काळ्या पाषाणातली पांढरी शीर

दगड हातात आला की मामा आधी तो चाटायचे. मग उन्हाकडे धरून एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "हितं कायतरी हाय, सर. फत्तर उगंच चमकत न्हाई."

चाटण्यात वेडेपणा काही नव्हता. ओल्या दगडाचे कण नीट दिसतात, हे मी परभणीच्या कॉलेजात भूशास्त्राच्या पोरांना दरवर्षी सांगतो आणि पोरं दरवर्षी तोंड वाकडं करतात. सांगितलेलं मनापासून ऐकणारा एकच विद्यार्थी मला भेटला. तो साठीचा होता आणि त्याचं नाव हजेरीपटात नव्हतं.

मामा विहिरी फोडणारे; सगळेच त्यांना मामा म्हणत. जिंतूरकडच्या माळावर त्यांचं गाव. पहार आणि घण घेऊन त्यांनी आसपासच्या कितीतरी विहिरी खोदल्या. मुरूम कुठे संपणार, काळा पाषाण कुठे आडवा येणार, हे ते जमिनीवर टाच आपटून सांगत. पुढे बोअरची गाडी आली. एका दिवसात भोक पाडून जाणाऱ्या मशीनपुढे टाच आपटणाऱ्याला कोण विचारतो? "आता मला कुनी बांधावर बी बोलवंना," असं ते एकदा हसत म्हणाले. असं हसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

शेवटची विहीर त्यांनी स्वतःच्याच जमिनीच्या तुकड्यात खोदली. पाणी लागलं नाही. लागली ती गारगोटीची, म्हणजे गारेची शीर, काळ्या पाषाणात उभी, वीतभर रुंद, पांढरीशुभ्र. तिच्यात पिवळे ठिपके चमकत होते. तिचा एक तुकडा गमज्यात बांधून मामा एसटीने परभणीला आले आणि विचारत विचारत माझ्या टेबलाशी पोचले.

ठिपके सोन्याचे नव्हते. लोखंड आणि गंधक मिळून झालेलं ते फसवं पिवळं खनिज होतं. मी तसं सांगितलं.

"पर गारंत सोनं सापडतच न्हाई का?"

"सापडतं," मी म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मला शिकवायची खोड. फार जुन्या खडकांत गारेच्या शिरांमध्ये सोनं असतं, ते इतकं बारीक की डोळ्याला दिसत नाही, दगड कुटून पाण्यात धुवावा लागतो, जड म्हणून सोनं तळाशी राहतं, असं सगळं सांगून झालं. आपल्याकडचा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, इथे सोनं मिळायचं नाही, हे मी सगळ्यात शेवटी म्हणालो. तोवर मामा उठले होते.

महिन्याभराने ते कागदाची पुडी घेऊन आले. कुटून, धुऊन तळाशी राहिलेली काळसर रेती होती. भिंगाखाली पाहिली तर तीन पिवळे कण. फसवं खनिज सुईने दाबलं की चुरतं. हे कण चपटे झाले. मी खुर्चीतून उठलोच. पुडी तपासायला बाहेर पाठवली. उत्तर आलं, सोनं आहे.

मामांना सांगितलं तेव्हा ते वर्गाच्या पायरीवर बसले आणि गमज्याने तोंड पुसू लागले. मग म्हणाले, "चाळीस वर्सं दगड फोडला, सर. मला बी कायतरी कळतंय मंजी."

आता माझी चूक ऐका. नमुना स्वतः जाऊन, खडकातून स्वतःच्या हाताने काढायचा असतो. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी मात्र आयती पुडी घेतली आणि परीक्षा, प्रवेश, सुट्ट्या असं करत वर्षभर त्या माळाकडे फिरकलो नाही.

वर्षाने मामी आल्या. मामांची बायको. पदराने घाम पुसत उभ्याच राहिल्या. "सर, त्येंचा खोकला थांबंना. डॉक्टर म्हनले छातीत दगडाची धूळ बसलीय, काम बंद करा. तर म्हनतेत, सरनी सोनं सांगितलंय. आता तुमीच त्येन्ला खरं काय ते सांगा."

दुसऱ्याच दिवशी गेलो. मामा गार कुटायचे ती खोपी आधी पाहिली. वाऱ्याने सोनं उडून जाईल म्हणून त्यांनी दार लावून, खिडकीत पोतं कोंबून वर्षभर कोरडा दगड कुटला होता. भिंती, आढं, कंदील, सगळं पिठासारखं पांढरं. ती धूळ दुसरं कुठे जाणार?

मी विहिरीत उतरलो, शिरेचे तुकडे जागोजागी स्वतः फोडून घेतले आणि तपासायला पाठवले. काही नाही. पुन्हा पाठवले. काही नाही.

हे सांगायला गेलो तेव्हा मामा बाहेर ओट्यावर बसून रेती धूत होते. हातात जुनी लाकडी काटवट.

"ही कुठली, मामा?"

"जिंतूरच्या झारेकऱ्याची. सोनारांच्या दुकानाम्होरची माती धुऊन सोनं काढतो ना, त्येची. म्हनलं, ह्या कामात मुरल्यालं भांडं बरं. पैली पुडी बी हिच्यातच धुतली."

मी काटवट उन्हात आणली आणि भिंग लावलं. लाकडाच्या चिरांमध्ये पिवळे कण बसले होते, वर्षानुवर्षांचे. मामांनीही पाहिलं.

"मंजी हे सोनाराचं?"

"हो."

"आन् माझ्या शिरंचं?"

"काही नाही, मामा."

"खाली जुना खडक असंल की, सर. तिथून वर आली असंल शीर."

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी काटवट पालथी घातली आणि मामींना म्हणाले, "झारेकऱ्याला परत देऊन टाका." खरं सांगितल्याचं समाधान घेऊन मी घरी आलो. त्या समाधानाची आज लाज वाटते.

पंधरा दिवसांनी मामींचा फोन आला. "धूळ बंद झाली, सर. पर मानूस बी बंद झाला. भाकर म्होरं ठिवली की तोंड भितीकडं. तुमी यिऊन सांगा, सोनं हाय म्हनून."

"मामी, तुम्हीच तर खरं सांगा म्हणाला होतात."

"म्हनले होते. आता मीच म्हनते, खोटं सांगा."

चार दिवस मी घोळ घातला. शिक्षक, शास्त्र, तत्त्व, सगळं आठवून झालं. पाचव्या दिवशी भर उन्हात गेलो. मामा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. छातीचा भाता नुसता वर-खाली.

"मामा, नवा तपास आलाय. तुमचं बरोबर होतं. खालच्या जुन्या खडकात सोनं आहे. पण आता मशीन लावावं लागेल. तुम्ही नुसती जागा दाखवायची."

ते वळले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"किती खोल?"

"खोल आहे. बरंच."

मामांनी हाताचा आधार घेतला आणि उठून बसले. "चहा ठिवा सरला," मामींना म्हणाले. मग शीर कुठे रुंद होते, कुठे कलते, ते दम लागेपर्यंत सांगत बसले. मी वहीत लिहून घेतलं. इतका चोख नकाशा माझ्या एकाही विद्यार्थ्याने आजवर दिलेला नाही.

मूग निघायच्या आत मामा गेले.

दहाव्याला गेलो होतो. वाढता वाढता मामी माझ्यासमोर थांबल्या. "सर, त्या दिवशी तुमी गेल्यावर ते म्हनले, सर खोटं बोलून गेले. म्या म्हनलं, कशावरून? तर म्हनले, किती खोल इचारलं तर आकडा न्हाई दिला. सर आकड्याबिगर बोलत न्हाईत."

मी वर पाहिलं.

"मंग म्हनले, एवढ्या उनात मानूस माझ्यापाई खोटं बोलाया आला. वाढा, जेवतो. दोन भाकरी खाल्ल्या बघा त्या सांजंला."

एवढं बोलून त्या पुढच्या पानावर वाढायला गेल्या.