पेणची स्तुती, रोह्याच्या माणसाकडून

माझा कॉलेजातला मित्र रोह्याचा. बावीस वर्षं तो आखातात एका तुर्की कंपनीत होता, तिथेच ती भाषा शिकला. जुनं तुर्की अरबी अक्षरांत लिहीत आणि ती अक्षरं त्याला लहानपणी मदरशात शिकल्यापासून येत होती. परत आल्यावर तो मला सांगायचा, सुलतानांच्या काळात राजधानी इस्तंबूल खरी, पण बुर्सा, एद्रिने, स्कोप्ये अशा लांबच्या शहरांतूनही कवी निघत. चरित्रकोशांत कवीच्या नावाबरोबर गावाची नोंद असे. एखाद्या शहरावर दीर्घ कविता रचून तिथल्या खोगीरवाल्याला, न्हाव्याला, टोप्या शिवणाऱ्याला दोन-दोन ओळींत गौरवायची तर रीतच होती.

वाचनालयातली पुस्तकं मी त्याच्या तिप्पट वाचली असतील. पण तुर्की त्याला येत होतं, मला नाही. ते माझ्या मनाला लागायचं.

मग त्याने तशी कविता मराठीत लिहिली, तीही पेणवर.

"रोह्यावर का नाही?" मी विचारलं.

"रोह्यात सगळे नातेवाईक. एकाला घेतला तर दुसरा रुसंल. तू तपासून दे. तुझ्यासारखा किचकट माणूस दुसरा नाय."

जन्मापासून मी पेणमध्ये आहे. मला हे का सुचलं नाही?

कवितेत बत्तीस कारागीर होते. दोन रविवार मी घरोघर फिरलो. सात चुका निघाल्या. सर्वांत सुंदर दोन ओळी गणपतीच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्यावर होत्या, मूर्तीचे डोळे रंगवणाऱ्या त्याच्या हातावर. पण तो हात आता थरथरतो. चार वर्षं डोळे सून रंगवते. तिनेच मला सांगितलं.

सहा चुका मी मित्राला कळवल्या. ही मागे ठेवली. त्याच्या सर्वांत चांगल्या जागी डाग राहावा, एवढंच मला हवं होतं. सुनेचा विचार मनात आला नाही.

वाचनालयात त्याने कविता वाचली. त्या ओळी आल्या तशी मागच्या रांगेतून सून म्हणाली, "डोळे मी काढते हो!" मग माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही इचारून गेला होतात ना? यांना सांगितलं नाय?"

"राहून गेलं," मी म्हणालो. ते खोटं होतं.

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मग "माफ करा ताई" म्हणत पेन काढलं, तिथेच दोन ओळी बदलल्या आणि पुन्हा वाचल्या. त्या आधीपेक्षा सरस होत्या. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या, आणि दोन मिनिटांत त्याला हे सुचलं म्हणून आणखी जळलो.

स्टेशनवर तो म्हणाला, "तुझ्याकडून काय राहून जात नाय रे."



आता तो कोलाडवर लिहितोय, असं वाचनालयात कळलं. तपासायला गडबचे एक मास्तर जातात. त्यांनी आतापर्यंत चार चुका काढल्यात म्हणे. त्या मास्तरांचा मला त्याच्यापेक्षा जास्त हेवा वाटतो.